रेंज नको, आधी वजन बघा

एकांनी लिहिलंय की एका चार्जिंगवर ३०० किमी जाण्याची रेंज नसेल तर इलेक्ट्रिक पिकअप घेऊच नये. मला नाही पटत. सासवडहून पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल टाकून परत यायला एवढी रेंज लागतच नाही. उलट वाटेतल्या दिवे घाटात भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते, म्हणजे उतारावर बॅटरीत थोडी वीज परत येते. हा केवढा फायदा! खरी अडचण गाडी किती वजनाचा माल नेते याची. २०२२ची टाटा एस ईव्ही ६०० किलोच माल न्यायची. सीताफळाचे क्रेट रचले की संपलं. २०२४मध्ये एक टन माल नेणारी आली, तेव्हा आमच्याकडचे छोटा हत्तीवाले (म्हणजे साध्या टाटा एसवाले) चौकशी करू लागले. आता यार्डातच, माल उतरेपर्यंत, चार्जिंग मिळायला हवं.