अंध मुलीने अकरावीला विज्ञान घ्यावं का?

माणदेशी
माझी भाची जन्मापासून अंध आहे. दहावीला चांगले गुण पडले, रसायनशास्त्राची ओढ आहे, अकरावीला विज्ञानच हवं म्हणते. दोन कॉलेजांत जाऊन आलो. दोन्हीकडे एकच प्रश्न, "प्रॅक्टिकल कसं करणार?" आणि एकच सल्ला, "कला शाखा घ्या, पुढे स्पर्धा परीक्षा आहेतच."

मी स्वतः अंध, बँकेत नोकरीला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं आणि मी ऐकलं. दहावीनंतरच्या विज्ञानाचं एकही ब्रेल पुस्तक तेव्हा हाती आलं नाही, त्यामुळे तो विषय मला आवडला असता की नाही हे मला आजही सांगता येत नाही. ही गोष्ट फार लागते. तिला विज्ञान मिळालंच पाहिजे, असं माझं मत आहे. तुमचं?

पुनर्वसू
काळजीपोटीच लिहितोय, पण मी असहमत आहे. प्रयोगशाळेत आम्ल असतं, बर्नर असतो. बारावीला गुण घसरले तर पुढचं सगळंच अडतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील कला शाखेतूनच गेल्या, यूपीएससीत देशात १२४व्या आल्या, आयएएस झाल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांना सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टींसाठी. मळलेली वाट असताना पोरीला काट्यांतून कशाला न्यायचं?

माणदेशी
पुनर्वसू, त्याच प्रांजल पाटलांची आधीच्या वर्षी निवड होऊनही रेल्वेच्या लेखा सेवेने दृष्टीचं कारण देऊन त्यांना घेतलं नव्हतं. म्हणजे मळलेल्या वाटेवरही दार बंद झालंच की. आणि आंध्रातल्या श्रीकांत बोल्लांना दहावीनंतर विज्ञान नाकारलं, तेव्हा ते कोर्टात गेले, शाखा मिळवली आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकले. एका मुलाला अकरावीच्या प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

जोडाक्षर
मी पाच वर्षं परीक्षेत लेखनिक म्हणून, म्हणजे अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहायला, बसलो आहे. अडचण डोळ्यांची कमी आणि कागदाची जास्त, हे तिथे कळलं. एका गणिताच्या पेपरात मुलगा म्हणाला, "एक्स अधिक एक भागिले दोन." मी फक्त एकच्या खाली दोन लिहिला. त्याला अख्ख्या बेरजेखाली हवा होता. उत्तर चुकलं, गुण गेले, आणि गेले ते माझ्या हातून. त्याला गणित येत होतं. केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी कमी शिकलेला लागायचा. कॉपी होऊ नये म्हणून हे ठीक, पण ज्याने इंटिग्रलचं चिन्ह कधी पाहिलेलं नाही तो ते काढणार कसं?

नोट्सची गत निराळीच. क्लासवाले अजून जुन्या फॉन्टात टाइप करतात. डोळ्यांना मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं असतात, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तीच अर्थहीन अक्षरं वाचत सुटतो. स्कॅन केलेल्या पानावर तर तो गप्पच बसतो.

सहावा_ठिपका
मी अंध मुलांना शिकवते. उठावाच्या आकृत्या, बोलणारा थर्मामीटर, प्रकाश बदलला की सूर बदलणारं उपकरण, हे सगळं अस्तित्वात आहे. टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंब थेंब द्रावण मिसळून मोजण्याच्या प्रयोगात, रंग बदलल्याचं जोडीदाराने सांगावं, हिशेब आणि निष्कर्ष मुलीने काढावा. पण माणदेशी दादा, पुनर्वसूंचं सगळंच खोडू नका. दहावीपर्यंत आमच्यासारखं कुणीतरी मुलीजवळ असतं, कॉलेजात बहुतेक ठिकाणी कुणीच नसतं. पुस्तकातलं समीकरण चित्र म्हणून छापलेलं असलं की एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. रोज रात्री ते वाचून दाखवायला घरात कोण आहे?

सायली_आई
माझा मुलगा कर्णबधिर आहे. त्याला पान दिसतं म्हणून सगळं मिळालं, असं शिक्षक धरून चालतात. व्याख्यानाला ना दुभाषी, ना लेखी टिपण. त्याला आयटीआयला घालावं लागलं. तो तिथे रमलाय, पण ती त्याची निवड नव्हती.

पुनर्वसू
सायलीताई, वाचून गलबललं. माणदेशी, कायदा तुमच्या बाजूने आहे, हे मान्य. २०२१च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयी देणं बंधनकारक म्हटलंय. पण सोय उभी राहीपर्यंत पहिली सहामाही निघून जाईल आणि ती मुलगी एकटी पडेल. माझं मत मी बदललेलं नाही.

माणदेशी
तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. जोडाक्षरांची भागाकाराची गोष्ट तिने दोनदा ऐकली आणि म्हणाली, "मग मी कंस उघडला, कंस बंद, असं सांगत जाईन." काल फॉर्म भरला, पहिली पसंती विज्ञान. रात्री समीकरणं वाचून दाखवायला तिची आई आहे, पण ती आठवी शिकलेली. ठिपकाताई, तिच्या आईला चिन्हांची नावं शिकवाल का? आणि अकरावीच्या रसायनशास्त्राच्या युनिकोडमधल्या, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा, नोट्स कुणाकडे असतील तर इथेच कळवा, पहिला धडा असला तरी चालेल.