स्पोर्ट बाइकचा कॅट घरीच काढला: यात नेमके चुकले काय?

गोडोलीकर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यातील घराच्या अंगणात मी माझ्या २०२० सालच्या यामाहा आर१५ गाडीचा मूळ बेंड पाइप (इंजिनमधून धूर बाहेर नेणारी नळी) उतरवला आणि त्या जागी कॅट (धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला पाइप बसवला. त्याच दिवशी टाकीतील पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा कॅनिस्टर आणि एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप हेही काढून टाकले. पुढच्या आठवड्यात ईसीयू, म्हणजे इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक, रीमॅप करून (त्यातील इंधन-प्रज्वलनाची मांडणी बदलून) घेतला. हे मी लपवत नाही, कारण त्यात लाज वाटावी असे मला काही दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांनी कारणांसह लिहावे, एवढीच विनंती.

माझी बाजू अशी आहे. बीएस४ या जुन्या प्रदूषण मानकातील आर१५ व्ही३ ची ताकद १९.३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती. १ एप्रिल २०२० पासून त्याहून कडक बीएस६ सक्तीचे झाले, तेव्हा तीच गाडी १८.६ पीएसवर आली आणि वजन १३९ किलोंवरून १४२ किलोंवर गेले. म्हणजे जास्त पैसे मोजून मी कमी गाडी घेतली. दुसरे म्हणजे कॅट साधारण २५०-३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय कामच करत नाही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतच्या फेरीत तो तापणार कधी आणि हवा शुद्ध करणार कधी? तापतो तेव्हा मात्र त्याची धग नडगीला लागते. तिसरे असे, की आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात हंगामात उसाचे पाचट पेटवतात तेव्हा क्षितिज दिसत नाही. तिथे माझ्या १५५ सीसीच्या एका सिलिंडरचा हिशेब कोण कशाला मांडतो? शिवाय माझी पीयूसी रीतसर निघाली आहे, आणि गाडी माझ्या पैशांची आहे.

खडू आणि पाना

मी एका प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्ती शिकवतो आणि तुमच्यासारखा विद्यार्थी दरवर्षी एक तरी भेटतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आर१५ चे आकडे तुम्ही बरोबर दिले आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. केटीएम ड्यूक ३९० ची ताकद बीएस४ मध्ये ४३.५ पीएस होती आणि बीएस६ मध्येही तितकीच राहिली. अपाचे आरआर ३१० दोन्ही मानकांत ३४ पीएसचीच होती. त्यांनाही कॅट होता, कॅनिस्टर होता. म्हणजे ताकद गिळणारी वस्तू कॅटच असती, तर तिने या दोन गाड्यांची ताकदही गिळायला हवी होती. फरक पडतो तो निर्मात्याने इंधन, प्रज्वलन आणि पाइपची रचना यांचा मेळ कसा घातला यावर.

आता रीमॅपकडे पाहू. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्ही वायूंवर काम करणारा कॅट नीट चालावा, म्हणून ईसीयू एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळतो, आणि ते राखले जाते की नाही याची खबर ऑक्सिजन सेन्सर त्याला देत असतो. ताकदीसाठी रीमॅप करणारा माणूस पहिल्यांदा हेच प्रमाण पेट्रोलच्या बाजूने झुकवतो आणि पुष्कळदा सेन्सरचे ऐकणेही बंद करतो. पेट्रोल जास्त झाले की अपुऱ्या ज्वलनामुळे इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वाढतो. थोडक्यात, तुम्ही घराचे दार काढले आणि पुढच्याच आठवड्यात घरात बैलही सोडला. तापलेला, धडधाकट कॅट या विषारी वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी करतो. तुमच्या गाडीत आता वायू वाढला आहे आणि तो अडवणारे कुणी उरलेले नाही.

कॅट तापत नाही हा मुद्दा जुन्या गाड्यांना थोडाफार लागू पडतो. हल्ली कॅट इंजिनच्या जवळ बसवतात तो लवकर तापावा म्हणूनच, आणि एक-दोन मिनिटांत तो कामाला लागतो. तुमच्या नडगीला लागणारी धग हीच त्याची साक्ष आहे. एकाच परिच्छेदात तो तापतही नाही आणि भाजतोही, असे कसे चालेल?

पीयूसीबद्दल एवढेच सांगतो, की पेट्रोल दुचाकीला तपासणीची नळी लावतात ती गाडी आयडलवर (रेस न देता) उभी असताना, आणि पाहतात ते कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची तिथे मोजणीच होत नाही. बीएस६ ची त्यांवरील मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅम आहे, आणि ती प्रयोगशाळेत गाडी चालत्या स्थितीत ठेवून तपासलेली असते. पीयूसीचा कागद म्हणजे शाळेची हजेरी आहे. तिला गुणपत्रिका समजू नका.

एमएच-११ सुसाट

गुरुजी, विज्ञान मान्य. पण खंबाटकी चढणाऱ्या एखाद्या डिझेल टेम्पोच्या मागे दहा मिनिटे राहून पाहा. काळ्या धुराने हेल्मेटची काच पुसावी लागते. त्यांना कोणी अडवत नाही, आणि रविवारी कासला जाणाऱ्या चार पोरांच्या मागे मात्र सगळे नीतिशास्त्र लागते. गोडोलीकरांना माझा पूर्ण पाठिंबा आहे.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. कॅटवर बरेच लिहून झाले. मला कॅनिस्टरबद्दल सांगायचे आहे, कारण तो बिचारा कोणाच्या खिजगणतीत नसतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी गाडी तीन दिवस पाण्याखाली होती. इंजिन उघडून साफ झाले, वायरिंग सुकले, पण कॅनिस्टरमधील कोळसा भिजून गेला होता. नवा मिळायला वेळ होता, म्हणून मेकॅनिकने तो काढून टाकीच्या वाफेची नळी नुसतीच खाली सोडून दिली. गाडी उत्तम चालली, आणि मीही तुमच्यासारखाच म्हणालो, की या डब्याची गरजच काय. पुढे उन्हाळा आला. आमची गाडी रात्री जिन्याखालच्या बंद जागेत असते आणि वरच्या खोलीत आई झोपते. एप्रिलमध्ये तिने डोके दुखते म्हणून तक्रार सुरू केली. आम्ही गॅसची शेगडी तपासली, नळी बदलली, आणि शेवटी एका सकाळी जिन्याखाली वाकलो तेव्हा पेट्रोलचा भपकारा आला.

कॅनिस्टर इंजिनच्या वाटेत येतच नाही. गाडी उभी असताना तो वाफ कोळशात शोषून ठेवतो, आणि चालू झाली की पर्ज झडप उघडून तीच वाफ इंजिनात ओढली जाते, म्हणजे आपलेच पेट्रोल आपल्याला परत मिळते. तो काढून ताकद वाढली असे कोणी म्हणाले, तर मी त्याला हात जोडीन. सुसाट साहेबांना एक विचारतो: टेम्पोचा धूर तुम्हाला दिसला म्हणून तुम्ही काच पुसलीत. आईने काय पुसायचे होते?

आरसी बुक

कायद्याची बाजू अजून कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात मांडतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ(४) सांगते, की अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द गोडोलीकरांनी पुन्हा वाचावेत. त्यांनी तीन वस्तू काढल्याचे स्वतःच लिहून दिले आहे. हवा आणि आवाजाची मानके मोडणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) वेगळे लागते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना बाळगण्यास तीन महिने अपात्रता.

गाडी माझ्या पैशांची आहे हे विधान अंगणापुरते खरे आहे. ज्याला बिनकॅटची गाडी पळवायचीच आहे, त्याने ती टेम्पोत घालून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यावी. माझी हरकत नाही.

गोडोलीकर

सर्वांचे वाचले. कृष्णाकाठ यांच्या अनुभवानंतर कॅनिस्टरबाबत माझ्याकडे उत्तर नाही. तो मी फक्त ‘सगळेच काढतात’ म्हणून काढला होता. रविवारी परत बसवतो. हवेच्या झडपेवर मात्र मी ठाम आहे. नवा पाइप बसवल्यावर थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येत होता तो तिच्यामुळेच. ती काढल्यावर तो थांबला.

कॅटबद्दल खडू आणि पाना यांचा दार-बैलाचा दृष्टांत झोंबला, हे कबूल करतो. पण माझा एक प्रश्न अजून तसाच आहे. यवतेश्वर घाटात गाडी आधीपेक्षा चांगली ओढते असे मला रोज जाणवते. ते काय खोटे आहे?

खडू आणि पाना

झडप काढल्यावर आवाज थांबला हे खरे आहे, आणि मूळ पाइपवर तो जवळपास ऐकूच येत नव्हता हेही खरे आहे. झडपेतून येणारी ताजी हवा उरलेसुरले वायू पोर्टपाशीच, म्हणजे धूर इंजिनबाहेर पडतो त्या तोंडाशीच, जाळते. तुम्ही एक रोग आणला आणि त्याच्यावरचा उपाय म्हणून दुसरा अवयव कापला.

जाणवते ते खोटे म्हणत नाही, पण ते कानाला जाणवते की घड्याळाला, हे पाहिलेले नाही. मोकळ्या पाइपने जो काही फायदा होतो तो बहुधा वरच्या आरपीएमला, आणि यवतेश्वरच्या वळणांत आपण असतो मधल्या आरपीएमला, जिथे पाइपातील दाबाच्या लहरींची वेळ बिघडल्याने ओढ उलट कमीही होऊ शकते. कॅटची आतली जाळी ठोकून काढून डबा रिकामा ठेवणाऱ्यांचे तर जास्तच बिघडते. ठोकताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते ते वेगळे. माझ्या ओळखीच्या एकाला गॅरेजने हे काम फुकटात करून दिले होते. जाळीत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात आणि जुना पाइप गॅरेजमध्येच राहिला, हे त्याला दोन वर्षांनी उमगले. तुमचा तरी आहे ना?

गोडोलीकर

माळ्यावर पोत्यात बांधून ठेवला आहे.

खडू आणि पाना

मग रविवारी कॅनिस्टरबरोबर तोही खाली काढा, आणि मूळ मॅप परत टाकून घेण्याची सोय बघा. रहदारी सुरू होण्याआधी पायथ्यापासून यवतेश्वरपर्यंत दोन्ही पाइपांवर नेहमीच्याच वेगाने वर जाऊ. घड्याळ मी आणतो. फक्त बिनकॅटच्या फेरीत गाडी मी चालवीन आणि तुम्ही माझ्या स्कूटरवरून, हेल्मेटची काच उघडी ठेवून, मागून या.