मदत हवी आहे: प्लेटा लांब सरकल्या तर खड्डा पडेल ना, समुद्रात डोंगर कसा?

ज्वारीवाला, औसा: पुतणी नववीत आहे. काल जेवताना विचारते, "काका, पृथ्वीच्या वरच्या टणक थराच्या दोन प्लेटा एकमेकींपासून लांब जातात तिथं समुद्राखाली डोंगररांग होते म्हणे. पण तिथं फट पडायला पाहिजे ना?" मी म्हटलं, खालून लाव्हा येतो. "मग खाली लाव्ह्याचा समुद्र आहे का?" मी गप्प. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपापासून आमच्याकडं लेकरालाही प्लेट हा शब्द माहीत आहे, कळलाय किती ते सोडा. व्हिडिओ नका देऊ, रेंज नाही.

मुरूम_मांजऱ्या: खाली समुद्र नाही, घट्ट दगडच आहे. प्रचंड तापलेला, पण वरच्या दाबामुळं वितळत नाही. प्लेटा बाजूला झाल्या की तो हळूहळू वर येतो, दाब उतरतो आणि जास्तीची आच न लागताही थोडा वितळतो. कुकरात शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी दाब काढताच भसकन उकळतं ना, तसंच. तो रस वर येऊन थिजला की बेसाल्ट हा काळा दगड.

पण रांग उंच आहे ती लाव्ह्याच्या ढिगानं नव्हे. गरम खडक फुगलेला, हलका असतो. माथ्यावर पाणी साधारण २.५ किमी खोल. तोच तळ बाजूला सरकत थंड होतो, आकसतो आणि ५-६ किमीपर्यंत खाली बसतो. तव्यावरून काढलेली भाकरी बसते तसा.

ज्वारीवाला: भाकरीत वाफ असते हो! बरं, आमच्या विहिरीत लागतो तो काळा पाषाण असाच झाला का?

मुरूम_मांजऱ्या: भाकरीचं कबूल. तुमचा पाषाणही बेसाल्टच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा. तुमच्याजवळची खरी रांग म्हणजे अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग; तिथं भारत आणि आफ्रिका अजून लांब जातायत. किल्लारीचा त्याच्याशी थेट संबंध नाही, ते प्लेटेच्या पोटात, कडेपासून लांब आहे.

जुनी_वाचक: पुतणीची फटही खरी आहे! अटलांटिकच्या रांगेत माथ्यावरून लांबलचक दरी जाते. १९५०च्या दशकात नकाशाकार मेरी थार्प यांना ती समुद्राच्या खोलीच्या आकड्यांवरून नकाशा काढताना दिसली. सहकारी हीझन यांनी आधी 'बायकी बडबड' म्हणून उडवून लावलं, मग मानावं लागलं.

ज्वारीवाला: हे आधी तिला वाचून दाखवतो. कुकरचं आईला पण.