वाळलेल्या चाऱ्याऐवजी चराई: आठ जनावरं, तीन एकर गवत, हिशोब कसा बसवायचा?

गोठा_आठ
पाच गायी आहेत, सरासरी ४०० किलोच्या, आणि तीन कालवडी, २५० किलोच्या आसपास. सगळी दावणीला. रोज ८० किलोच्या घरात वाळलेलं गवत विकतचं लागतं, खुराक वेगळा. गोठ्याला लागून तीन एकर मिश्र गवत आहे, त्यात थोडं द्विदल. पण जनावरं मोकळी सोडली की पंधरा दिवसांत काही भाग बोडका होतो आणि काही भागातलं गवत निबर होऊन आडवं पडतं. वाळलेला चारा पूर्ण बंद करता येईल का? कुंपण कसं करावं?

कुरणकाठ
पूर्ण बंद नाही होणार. वाढीच्या दिवसांत मात्र ८० किलोचे २५ होतील.

तुमच्या जनावरांचं एकूण वजन २७५० किलो. कोरड्या चाऱ्याची गरज वजनाच्या अडीच टक्के धरली तर रोज ७० किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा.

आता गवत मोजा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट चार ठिकाणी टाका: चांगल्या, वाईट आणि दोन मधल्या जागी. शेवटी जितकं बूड राखणार तितकं सोडून वरचं कापा. चारही मिळून एक चौरस मीटर होतं. त्यातलं १०० ग्रॅम बारीक करून मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या पेल्यासोबत दोन-दोन मिनिटं, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा हिरवं १ किलो भरलं आणि वाळून पाचवा हिस्सा उरला, तर मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला २० किलो. तुडवणं, शेण, नावडती काडी वजा जाता पोटात ६० टक्के जातं. गुंठ्याला १२ किलो धरा.

रान बोडकं होतं ते जास्त जनावरांमुळे नाही, विश्रांती न मिळाल्यामुळे. खाल्लेल्या बुडख्याला तीन-चार दिवसांत कोवळा फुटवा येतो आणि जनावर निबर गवत सोडून तिथेच परत तोंड घालतं. पानं नसलेलं झाड मुळातल्या साठ्यावर फुटतं; असं दोन-तीनदा झालं की मूळच खुरटतं. म्हणून १२० गुंठ्यांचे चार-चार गुंठ्यांचे ३० पट्टे, रोज एक. प्रत्येकाला २९ दिवस विश्रांती. गवत २०-२५ सेंमी झाल्यावर आत, ८-१० सेंमी उरलं की बाहेर. ठोंबाच्या उंच गवताला यापेक्षा बरंच जास्त बूड लागतं.

चार गुंठ्यांतून ४८ किलो मिळतात. उरलेले २२ किलो शुष्क म्हणजे २५ किलो वाळलेलं गवत. वाढ मंदावली की विश्रांती ४५-६० दिवसांवर न्यावी लागते. तेव्हा पट्टा लहान आणि गव्हाणीतला चारा जास्त. तारीख बघून तार हलवू नका, गवत बघून हलवा.

तारवाला
रोज एक पट्टा आदर्श, पण ते जमणार नसेल तर १५ पट्टे, दोन-दोन दिवस. तीन दिवसांच्या पुढे मात्र नको, फुटवा खाल्ला जाऊ लागतो.

त्यासाठी झटका मशीनची (तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र) एकच तार, ८०-९० सेंमी उंचीवर, हलवता येणाऱ्या खुंट्यांवर. पुढे एक, मागे एक. मागची तार बहुतेक जण टाळतात आणि मग पट्टे पाडून काही उपयोग राहत नाही, कारण जनावरं कालच्या पट्ट्यात परत जातात.

तार झटका देत नसेल तर दहातल्या नऊ वेळा अर्थिंग कच्चं असतं. जस्त चढवलेल्या लोखंडी, १.८ मीटरच्या तीन सळ्या, एकमेकींपासून तीन मीटरवर, ओलसर जागी ठोका. जस्त चढवलेल्या सळीला तांब्याची तार जोडली की सांधा गंजतो. तपासायला मशीनपासून शंभर मीटरवर तारेला लोखंडी सळया टेकवून व्होल्टेज २००० च्या खाली आणा, मग अर्थिंगच्या शेवटच्या सळीवर मोजा. ३०० च्या वर दिसलं तर आणखी सळी हवी. एरवी तारेवर निदान ३००० ते ४००० व्होल्ट हवेत. घरातली लाइन थेट तारेला कधीही जोडू नका, माणूस मरतो.

पाणी प्रत्येक पट्ट्यातून दोनशे मीटरच्या आत. लांब असलं की सगळा कळप एकदम निघतो, वाटेत गवत तुडवतो आणि शेण पाण्यापाशीच साठतं.

रवंथ
दावणीवरून एकदम हिरव्यावर सोडू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत दहा ते चौदा दिवसांत पूर्ण वेळ. पोटातले जंतू बदलायला तेवढा वेळ लागतो.

वर सांगितलेलं २५ किलो वाळलेलं गवत संध्याकाळी नाही, सकाळी सोडण्याआधी घाला. उपाशी जनावर दव असलेल्या द्विदलावर तुटून पडलं की पोटफुगी ठरलेली. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) फुगून वर आली, जनावर पोटाला लाथा मारतंय असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरला बोलवा. पट्ट्यात द्विदल निम्म्याच्या वर असेल तर तो आधी अर्धा तासच.

ज्वारीवर्गीय चारा असेल तर कोवळा किंवा पाण्याअभावी खुंटलेला फुटवा विषारी असतो. ६० सेंमीच्या आत चारू नका.

जंतांच्या अळ्या गवताच्या खालच्या पाच सेंमीत जास्त असतात, बूड राखण्याचं तेही एक कारण. कालवडी गायींच्या आधी पुढच्या पट्ट्यात सोडा. दुभत्या गायी उष्ण हवामानातल्या गवतावर ८-१० लिटरच्या पुढे जात नाहीत, त्यावरच्या दुधासाठीचा खुराक तोडलात तर गाय अंगावरचं मांस दुधात घालते.

गोठा_आठ
वाढ थांबल्यावर काय? एक एकर आधीपासून राखून ठेवला तर?

कुरणकाठ
तीन एकरांत ते जवळजवळ फुकट जातं. एक एकर ६० दिवस बंद केला तर फिरायला ८० गुंठे उरतात, रोजचा वाळलेला चारा २५ वरून ४३ किलोवर जातो. साठ दिवसांत जवळपास ११०० किलो जास्त. राखलेल्या एकरात गुंठ्याला ४५ किलो शुष्क धरलं, त्यातलं ६० टक्के पोटात, तर पंधरा दिवसांची वैरण, म्हणजे साधारण १२०० किलो गवत वाचलं. फायदा शंभर किलोचा आणि तोही निबर चाऱ्यात.

भर वाढीत फेरा पूर्ण व्हायच्या आत गवत उंचीच्या पुढे गेलं तरच ते जास्तीचे पट्टे सोडून द्या आणि भाकड गायी-कालवडींना नंतर चारा. अशा गवतात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावर पोट भरूनही कमी खातं. शेण कोरडं, थरावर थर पडायला लागतं. तेव्हा डोक्याला अर्धा ते एक किलो पेंड.

आणि विकतचं गवत जमिनीवर टाकत असाल तर आधी गव्हाण नाही तर कठडा करा. खाली टाकलेल्या चाऱ्यातला चौथा हिस्सा सहज पायाखाली जातो.