तुर्कूची गोदी आणि नाकारलेले पाच कोटी युरो : निर्णय बरोबर होता का?

वेदवती (धागाकर्ती)

डिसेंबर २०१२ मध्ये फिनलंडच्या सरकारने तुर्कूच्या जहाजबांधणी गोदीला पाच कोटी युरोंचे कर्ज नाकारले. रॉयल कॅरिबियन कंपनीचे सुमारे शंभर कोटी युरोंचे प्रवासी जहाज त्यामुळे तुर्कूच्या हातून निसटले आणि फ्रान्समधील सँ-नाझेरच्या गोदीला मिळाले. तेच पुढे 'हार्मनी ऑफ द सीज' या नावाने २०१६ मध्ये समुद्रावर आले. त्याच मालिकेतील आधीची दोन जहाजे, 'ओॲसिस' (२००९) आणि 'अल्युअर' (२०१०), तुर्कूतच बांधली गेली होती. म्हणजे आरेखन इथले, अनुभव इथला, आणि तिसरे जहाज मात्र दुसऱ्याच्या गोदीत. तो नकार चुकीचा होता असे माझे ठाम मत आहे. मी तुर्कूत राहते आणि या गोदीसाठी ड्रॉइंग काढणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

ज्यांना या गोदीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. औरा नदीच्या मुखाशी जहाजबांधणी १७३७ पासून चालू आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम क्रायटन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने चाललेला कारखाना आणि व्हल्कन हा दुसरा कारखाना १९२४ मध्ये एक झाले, आणि १९३० च्या दशकात ते वार्त्सिला समूहाकडे गेले. त्यानंतर युद्ध आले आणि युद्धानंतर सोव्हिएत संघाला द्यावयाची भरपाई आली : १९३८ च्या किमतींनुसार ३० कोटी डॉलर, तीही रोख नव्हे तर मालाच्या रूपात, आणि त्या मालात जहाजांचा वाटा फार मोठा होता. देशाला स्वतःसाठी एवढ्या जहाजांची गरज नसताना गोद्या वाढवाव्या लागल्या, माणसे शिकवावी लागली. १९५२ मध्ये शेवटचा हप्ता फिटला तेव्हा फिनलंडच्या हाती एक पूर्ण उभा राहिलेला उद्योग होता आणि कालचा सावकार आजचा गिऱ्हाईक झाला होता. हे सगळे सरकारने ठरवले, सरकारने पेलले. १९७० च्या दशकात तुर्कूतीलच पेर्नो या भागात नवी गोदी झाली, तीही सोव्हिएत मागणीच्या भरवशावर उभ्या असलेल्या उद्योगातून.

म्हणून 'बाजार ठरवेल, सरकारने मध्ये पडू नये' हा युक्तिवाद या एका गोदीच्या बाबतीत मला पटत नाही. बाजाराने ही गोदी उभी केलेली नाही. जी सरकारच्या निर्णयातून वाढली, तिला ऐन अडचणीत 'आता तुमचे तुम्ही बघा' असे सांगणे म्हणजे लेकराला अर्ध्या वाटेवर सोडून देणे होय.

हिशेबनीस

वेदवती, आपण इतिहास नेटका मांडलात, पण मधले सर्वात महत्त्वाचे पान उलटून पुढे गेलात. ते पान १९८९ चे आहे.

१ जानेवारी १९८७ रोजी वार्त्सिला आणि सरकारी मालकीची व्हाल्मेट यांनी आपापल्या गोद्या एकत्र करून वार्त्सिला मरीन ही कंपनी काढली. वार्त्सिलाचे ७० टक्के आणि व्हाल्मेटचे ३० टक्के. गोद्यांकडे कामाची कमतरता नव्हती, उलट हातात भरपूर प्रवासी जहाजे होती. तरीही ऑक्टोबर १९८९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, कारण जहाजे ज्या किमतीला घेतली होती त्या किमतीत ती बांधून होतच नव्हती. किंमत आधी ठरते आणि खर्च दोन-तीन वर्षे पुढे चालत राहतो, त्यामुळे प्रत्येक नवे जहाज तोट्यात भर घालत होते. सरकारी कंपनी भागीदार असल्याने काही वाचले का? काहीही नाही.

आता २०१२ कडे या. कर्ज मागणारी गोदी नावाला फिनिश होती, मालक होता दक्षिण कोरियाचा एसटीएक्स समूह. तो स्वतः गळ्यापर्यंत कर्जात होता आणि पुढच्याच वर्षी त्याची जहाजबांधणी कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. अशा मालकाच्या गोदीला पाच कोटी दिले असते तर ते तुर्कूतच राहिले असते याची हमी कोण देणार होते? शिवाय युरोपीय संघाचे सरकारी मदतीचे नियम असे आहेत की बाजारात कोणी देणार नाही ते कर्ज सरकारने दिले तर ती बेकायदा मदत ठरू शकते.

आणि नकाराचा परिणाम काय झाला, तेही पाहा. कोरियन मालकाला गोदी विकावी लागली. २०१४ मध्ये जर्मनीच्या मायर कुटुंबाने ती घेतली, जे पिढ्यान्‌पिढ्या फक्त जहाजेच बांधत आले आहेत. २०१६ मध्ये त्याच रॉयल कॅरिबियनने याच गोदीशी 'आयकॉन' मालिकेचा करार केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जगातील सर्वात मोठे प्रवासी जहाज तुर्कूतून बाहेर पडले. एक जहाज गेले, पण मालक बदलला. माझ्या मते हा सौदा स्वस्तात पडला.

वेदवती

स्वस्तात कोणाला पडला, हा प्रश्न आहे. राउमा शहरातील गोदीही त्याच कंपनीची होती. सप्टेंबर २०१३ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि सुमारे ७०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. हिशेबाच्या वहीत ही ओळ कुठे लिहायची?

नियमांविषयी म्हणाल तर फ्रान्सही त्याच युरोपीय संघात आहे. सँ-नाझेरच्या गोदीचा बहुतांश मालक तोच एसटीएक्स होता, पण तिथे फ्रेंच सरकारचा एक तृतीयांश वाटा होता. जहाज मिळाले ते त्या गोदीला. आणि फिनलंडच्या सरकारने शेवटी काय केले? २०१४ मध्ये मायरबरोबर सरकारी गुंतवणूक संस्थेने ३० टक्के वाटा घेतलाच. जे दोन वर्षांनी करावे लागले ते जहाज हातात असताना का केले नाही, एवढेच मी विचारते आहे.

माजी गोदीकर

मी माझगावच्या गोदीत वेल्डिंगच्या तपासणीवर तीस वर्षे काढली. तुर्कू कधी पाहिले नाही, पण दोन्ही बाजू वाचताना जाणवले की चर्चा मालक आणि पैसा यांच्यातच फिरते आहे. गोदी म्हणजे काय, यावर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

रिकामी गोदी हा गोदीचा खरा आजार. 'अल्युअर' २०१० च्या शरद ऋतूत गेले आणि तुर्कूतून पुढचे मोठे प्रवासी जहाज, 'व्हायकिंग ग्रेस', थेट जानेवारी २०१३ मध्ये बाहेर आले. जहाजाला एकाच वेळी सगळे कारागीर लागत नाहीत. आधी पत्रा कापणारे आणि सांगाडा जोडणारे, मग नळवाले, मग तारवाले, शेवटी सुतार आणि रंगारी. दोन जहाजांमध्ये मोठी फट पडली की सर्वात आधी सांगाड्याची माणसे पांगतात. चांगला वेल्डर उभ्या सांध्यावर हात बसवायला काही वर्षे घेतो. तो एकदा दुसऱ्या धंद्याला लागला की परत येत नाही, आला तरी हात पूर्वीचा राहत नाही. कर्ज द्यावे की न द्यावे हे मी सांगू शकत नाही. पण नाकारताना ही फट कशी भरणार, याचा विचार झाला होता का?

१९८९ चेच उदाहरण घ्या. दिवाळखोरी झाली तेव्हा 'सिल्जा सेरेनेड' तुर्कूत अर्धवट उभे होते. मार्टिन सारिकांगास यांनी लगोलग मासा-यार्ड्स ही नवी कंपनी उभी केली, ज्यांची जहाजे अडकली होती त्या कंपन्यांनीही त्यात पैसा घातला, तीच माणसे त्याच सांगाड्यावर परत चढली आणि १९९० मध्ये जहाज पूर्ण झाले. त्या जहाजाच्या पोटातून, दुकानांच्या दोन रांगांमधून, अनेक मजले उंच असा एक रस्ताच काढला होता. नऊ वर्षांनी याच गोदीने बांधलेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'मध्ये तो रस्ता अधिक मोठा होऊन परत आला, आणि 'ओॲसिस'मध्ये त्याचे वरचे छतच काढून टाकून खरी झाडे लावली गेली. ही कल्पना कुठल्या मालकाची नव्हती. मधल्या काळात वार्त्सिला गेली, नॉर्वेची क्वार्नर आली, मग आकर, मग कोरियन. माणसे आणि जागा तीच राहिली, म्हणून कल्पना वाढत गेली.

निशिगंध

मला या चर्चेच्या पायालाच हरकत घ्यायची आहे. एका देशाने आपले सर्वोत्तम अभियंते तरंगत्या करमणुकीसाठी का राबवावेत? मोठ्या सहल-जहाजांचे गिऱ्हाईक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०२० मध्ये साथ आली, सगळी सहल-जहाजे बंदराला लागली, आणि तुर्कूच्या गोदीला वेळापत्रक लांबवून माणसे कमी करावी लागली. फिनलंडची खरी ताकद बर्फफोड्या जहाजांत आहे. जिथे कडक हिवाळ्यात जवळजवळ सगळी बंदरे गोठू शकतात त्या देशाला हे ज्ञान गरजेतून आले आहे. हेलसिंकीची गोदी २०२३ मध्ये कॅनडाच्या डेव्ही कंपनीने घेतली ती याच ज्ञानासाठी, आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा व फिनलंड यांनी बर्फफोड्या जहाजांच्या बाबतीत सहकार्य जाहीर केले तेही याचसाठी. राउमाची गोदी बंद झाल्यावर स्थानिक लोकांनी नवी कंपनी काढून ती उभी केली आणि आज ती फिनिश नौदलाची जहाजे बांधते आहे. सरकारने पाच कोटी द्यायचेच असतील तर अशा ठिकाणी द्यावेत.

वेदवती

निशिगंध, आपण ज्या दोन गोष्टी वेगळ्या मानता त्या इथे वेगळ्या राहिलेल्या नाहीत. जहाजाच्या तळाखाली पूर्ण गोल फिरू शकणारी विजेची मोटर आणि तिलाच जोडलेला पंखा, ज्याला ॲझिपॉड म्हणतात, तो १९९० मध्ये 'सेइली' या फिनलंडच्या जलमार्ग खात्याच्या छोट्या बोटीवर प्रथम बसवला, कारण बर्फात जहाज मागे-पुढे सहज वळवता यावे अशी गरज होती. १९९८ मध्ये हेलसिंकीत बांधलेल्या 'इलेशन' या सहल-जहाजावर तो आला आणि पुढे मोठ्या सहल-जहाजांत सर्रास वापरला जाऊ लागला. ज्याला आपण करमणूक म्हणता त्या बाजारामुळेच बर्फातले ज्ञान विकण्याजोगे झाले.

माजी गोदीकर यांनी माणसांविषयी लिहिले त्याला जोडून मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. तुर्कूच्या जवळ पीक्किओ येथे जहाजाच्या खोल्या तयार होतात, अगदी संपूर्ण. न्हाणीघराची फरशी, आरसा, गालिचा, दिव्याची बटणे, सगळे कारखान्यातच बसवून खोलीला प्लास्टिक गुंडाळतात आणि ती ट्रकवरून गोदीत येते. जहाजाच्या कुशीत मुद्दाम उघडी ठेवलेली जागा असते, तिथून खोली आत घेतात आणि तीन-चार माणसे ती चाकांवर ढकलत मजल्याच्या जमिनीवरून तिच्या जागी नेतात. मग पाणी, वीज आणि हवा यांची तोंडे जोडली की झाले. एका दुपारी मी पाहात होते तेव्हा एक खोली दोन बोटे पुढे आली म्हणून अडली. तिथल्या वयस्क कारागिराने मोजपट्टी काढली नाही, तळहात टेकवून पाहिला आणि मागच्या चाकाखाली पातळ पत्रा सरकवायला सांगितले. खोली बसली. 'आयकॉन'मध्ये अशा खोल्या हजारोंनी आहेत. जहाजाच्या किमतीचा फार मोठा भाग गोदीबाहेरच्या अशा कारखान्यांना आणि लहान कंपन्यांना जातो. २०१२ मध्ये कर्ज फक्त एसटीएक्सला नाकारले गेले नव्हते, या सगळ्या साखळीला नाकारले गेले होते.

हिशेबनीस

खोलीची गोष्ट मनाला भिडली, आणि साखळीविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. पण त्या साखळीला वाचवायचे म्हणून वरच्या मालकाला पैसे देणे हा उपाय होत नाही. त्याचा अगदी ताजा पुरावा जर्मनीत आहे. पापेनबुर्गची मायर वेर्फ्ट, म्हणजे तुर्कूच्या मालकांची मूळ गोदी, २०२४ मध्ये बुडायला आली तेव्हाही तिच्याकडे पुढच्या अनेक वर्षांची कामे होती. साथीच्या आधी ठरलेल्या किमती आणि नंतर वाढलेला खर्च, हेच कारण. १९८९ चीच पुनरावृत्ती. जर्मन सरकार आणि नीडरझाक्सन राज्य यांनी मिळून सुमारे ८० टक्के मालकी घेतली. तुर्कूची गोदी त्यातून वेगळी राहून मायर कुटुंबाकडेच राहिली.

जर्मनांनी कर्ज देऊन सोडून दिले नाही, मालकी घेतली. पैसा द्यायचा तर वाटा घेऊन द्या, संचालक मंडळात बसा, प्रत्येक जहाजाचा भाव कसा ठरतो ते पाहा. वेदवती यांनी फ्रान्सचे उदाहरण दिले तेही हेच सांगते. २०१२ मध्ये मागणी वाट्याची नव्हती, कर्जाची होती. म्हणून नकार बरोबर होता.

वेदवती

वाटा घेऊन पैसा द्यावा, यावर आपले आता दुमत राहिलेले नाही. मी 'कर्ज' या शब्दाला चिकटून राहिले ही माझी मांडणीतली चूक. पण मागणी कर्जाची होती म्हणून सरकारला वाट्याची अट घालता येत नव्हती, हे मी मानणार नाही. शंभर कोटींचे जहाज समोर होते, एसटीएक्सला पैशाची निकड होती, आणि अट घालण्यासाठी त्याहून चांगली वेळ नव्हती. सरकारने उत्तर 'नाही' असे दिले. ते 'हो, पण ३० टक्के आमचे' असे असायला हवे होते.

माजी गोदीकर

त्या उत्तराने राउमाची गोदी वाचली असती का, हे कोणाला ठाऊक असेल तर लिहावे. तिथे फेरीबोटी बांधल्या जात होत्या आणि हे मोठे जहाज तिथे मावलेच नसते, पण त्याचे काही सुटे भाग तिथे करता आले असते असे मला वाटते.