बाळासाठी भाज्यांची प्युरी: पातळ होते, बटाटा चिकट होतो

रानजाई:
बाळाला सहा महिने पूर्ण झालेत. लाल भोपळा, गाजर, बटाटा यांपासून सुरुवात करतेय. कुकरमध्ये पाण्यात शिजवलेली मूठभर भाजी मिक्सरच्या पात्याखाली चिकटून बसते. पाणी घातलं की फिरते, पण पार ताकासारखी होते. बटाट्याचा तर डिंकच होतो. आणि ऑफिसमुळे रोज करणं जमणार नाही, फ्रीझरमध्ये किती दिवस टिकेल?

पळीवाढी:
भाजी पाण्यात बुडवून शिजवू नका. इडलीपात्रात वाफवा, दीड सेंटिमीटरच्या फोडी करून. भोपळ्याला 10-12 मिनिटं, गाजराला 15 तरी लागतात, जून असेल तर जास्तच. सुरी आत गेली म्हणजे शिजली असं नाही. फोड दोन बोटांत सहज चिरडली पाहिजे.

थोड्या भाजीला चटणीचं छोटं भांडं घ्या. कोमट झाल्यावरच फिरवा, गरम असताना वाफेने झाकण उडतं. अडलं तर पात्राच्या तळाचं पाणी एकेक चमचा घाला, किंवा आईचं दूध.

बटाटा मिक्सरला अजिबात लावायचा नाही. पात्याने त्यातला स्टार्च मोकळा होतो, म्हणून तार धरते. पूरणयंत्रातून काढा, नाहीतर स्टीलच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासा. चाळणीखाली बटाटा रव्यासारखा मोकळा पडतो, मग दूध घालून सैल करायचा. मटारही चाळणीतूनच, सालं वर राहतात.

चमचा तिरका केला की प्युरी हळूच घसरावी, ओघळू नये. एवढ्याशा पोटात पाणीच भरलं तर अन्नाला जागा कुठली? वरून अर्धा छोटा चमचा साजूक तूप घाला. भोपळा-गाजरातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवाच.

कोथिंबीर_जुडी:
फ्रीझरचं सांगते. प्युरीचं भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करा, झाकणाच्या बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढून तारीख घाला. महिनाभरात संपवायच्या. लागेल तेवढ्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा, सकाळी वाफा येईपर्यंत गरम करून, ढवळून कोमट करा. पाणी सुटलं तर फेकू नका, शिजवलेली घोटीव मूगडाळ मिसळा, मिळून येतं.

वितळलेलं परत गोठवायचं नाही. बराच वेळ वीज जाऊन वड्या पाणी झाल्या असतील तर सरळ टाकून द्या. भरवताना वेगळ्या वाटीत घ्या. उष्टा चमचा बुडालेलं उरलं तर ठेवू नका, लाळेमुळे लवकर खराब होतं.

पालक आणि बीट मात्र ताजंच. साठवणीत त्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते बाळाच्या रक्ताला बाधतं.

पळीवाढी:
मूगडाळीचं बरं आठवलं. नुसत्या भाज्यांवर राहू नका, सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून लागतं. डाळीत लिंबाचे दोन-तीन थेंब पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. मध तर चाटवायलासुद्धा नको, त्यातून बॉट्युलिझमचा (जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

नवी भाजी एका वेळी एकच, तीन दिवस. रोज गाजर-भोपळा दिला तर तळवे आणि नाकाचा शेंडा पिवळसर दिसू शकतो. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर तो भाजीचा रंग, थोडं कमी केलं की जातो. डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांकडे.

आठव्या महिन्यापासून मिक्सर बंद करून काट्याने ठेचून द्या. मऊ गाठींची सवय तेव्हाच लागायला हवी, उशीर केला की मुलं गाठ लागताच थुंकतात.

रानजाई:
आभार दोघींचे! भोपळ्यात नाचणीचं सत्त्व मिसळलं तर चालेल?

कोथिंबीर_जुडी:
चालेल, पण कोरडं सत्त्व गरम प्युरीत टाकू नका, गाठी होतात आणि पीठ कच्चं राहतं. एक चमचा सत्त्व अर्धी वाटी गार पाण्यात कालवून मंद आचेवर 5-6 मिनिटं ढवळत शिजवा. रंग गडद होऊन चकाकी आली की झालं, मग त्यात भोपळा घाला.