कोपर्निकसनं १५४३ लाच सांगितलं होतं, मग लोकांना पटायला एवढा वेळ का लागला?

खिडकीतलीकुंडी:
मुलगा नववीत आहे. परवा रात्री जेवताना त्याने विचारलं की आई, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ ला आलं आणि त्यानंतर ९० वर्षांनी, १६३३ ला, गॅलिलिओवर खटला, म्हणजे मधली ९० वर्षं सगळे लोक काय मूर्ख होते का? मी नेहमीचं उत्तर दिलं, चर्च, अंधश्रद्धा वगैरे. तर म्हणतो, "पण तुला तरी पृथ्वी फिरताना जाणवते का? तू पण पुस्तकात आहे म्हणूनच मानतेस ना?" मी गपगुमान भात वाढला.
खरंच सांगा, त्या काळच्या शहाण्या माणसाकडे न मानायला काही धड कारण होतं का की निव्वळ हट्ट? मी कॉमर्सवाली आहे, जरा सोपं करून सांगा.

गच्चीवरचादुर्बीणवाला:
पोरगं हुशार आहे हो, त्याला अजिबात दटावू नका. कारणं होती आणि चांगली भक्कम होती.
हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा, आधी एक डोळा मिटा मग दुसरा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो ना, तो पॅरॅलॅक्स. आता पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आणि जुलैत आपण एवढ्या लांबच्या दोन ठिकाणांवरून आकाश बघतोय, तर जवळचे तारे थोडे तरी सरकायला हवेत. टायको ब्राहे, दुर्बीण निघायच्या आधीचा सगळ्यात तिखट नजरेचा निरीक्षक, त्याला काहीच सरकलेलं दिसेना. मग दोनच शक्यता, एकतर पृथ्वी हलत नाही, नाहीतर तारे कल्पनेबाहेर लांब आहेत. आणि एवढे लांब असून जर ते नुसत्या डोळ्यांना टिकलीएवढे दिसतात तर ते सूर्यापेक्षा अचाट मोठे निघतात, हे त्याला पटेना. (ती टिकली म्हणजे डोळ्याची आणि प्रकाशाची करामत असते हे फार नंतर कळलं.) म्हणून त्याने मधला रस्ता काढला, बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती. आज हसू येतं पण हिशेबाला ते चोख बसत होतं.
ताऱ्याचं ते सरकणं शेवटी बेसेल नावाच्या जर्मन खगोलज्ञानं मोजलं, १८३८ साली! एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. टायकोच्या बापजन्मात दिसलं नसतं.
दुसरी शंका म्हणजे उंचावरून सोडलेला दगड. पृथ्वी पळतेय तर दगड मागे का पडत नाही? हे गासांदी नावाच्या फ्रेंच पंडितानं १६४० ला मार्सेयच्या बंदरात भर वेगातल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून दाखवलं, दगड काठीच्या पायथ्याशीच पडला. आपण चालत्या लोकलमध्ये किल्ली वर फेकून झेलतो तसंच.
रिचोली नावाच्या जेझुइट (कॅथलिक पंथातला) पाद्र्यानं तर १६५१ ला दोन्ही बाजूंचे मुद्दे मोजून मांडले, पृथ्वी फिरते याच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ७७. अर्थात मुद्दे मोजून निकाल लागत नसतो ते सोडा.

दर्यावर्दी_हर्णै:
आणि गॅलिलिओ हिरो वगैरे ठीक पण त्याचा लाडका पुरावा साफ चुकला होता हे कुणी सांगत नाही. तो म्हणायचा भरती ओहोटी होते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्र हिंदकळतो म्हणून, आणि त्या हिशेबाने मूळ भरती दिवसातून एकदाच यायला हवी. मग दोनदा येते त्याचं काय, तर म्हणे समुद्राचा आकार आणि खोली, त्यामुळे होतं तसं. त्याच काळातला जर्मन खगोलज्ञ केप्लर सांगत होता की बाबा हे चंद्राचं काम आहे, तर गॅलिलिओनं त्यालाच पोरकट ठरवलं. आमच्याकडे कुठल्याही कोळ्याला विचारा, तो तिथीवरून भरतीची वेळ सांगेल आणि अमावस्या पुनवेला उधाण असतं हे पण, म्हणजे चंद्राचा संबंध आमच्या आज्यालाही ठाऊक होता, मोठ्या माणसाला नव्हता :)

स्पष्टच_बोलतो:
हे सगळं वाचून असं वाटायला लागलंय की चर्च बिचारं निरीक्षण नीट तपासत बसलं होतं! १६१६ ला कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत बंद, १६३३ ला सत्तरीच्या घरातल्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून शब्द मागे घ्यायला लावले आणि मरेपर्यंत घरात कोंडलं, हे काय पॅरॅलॅक्स दिसत नाही म्हणून? गॅलिलिओचं पुस्तक बंदीच्या यादीतून सुटलं १८३५ ला. शंका घेणं वेगळं आणि गप्प बसवणं वेगळं.

गच्चीवरचादुर्बीणवाला:
मान्य, शंभर टक्के. मी शंका घेणाऱ्यांची बाजू मांडली, कोंडणाऱ्यांची नाही. पण विवेक एका बाजूला आणि अंधार दुसऱ्या बाजूला अशी सरळ फाळणी तिकडे नव्हती एवढंच. केप्लरचंच बघा. मंगळाची कक्षा गोल धरून त्याने वर्षानुवर्षं आकडेमोड केली, फरक राहिला ८ कलांचा, म्हणजे आकाशात चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या पाव भाग. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता जाऊ दे, चालतंय. पण टायकोची मोजमापं एवढी चुकणार नाहीत यावर त्याचा भरोसा, म्हणून दोन हजार वर्षांचं वर्तुळ सोडलं आणि १६०९ ला लंबवर्तुळ आणलं. आणि ह्याच माणसाच्या आईवर १६१५ पासून चेटकीण म्हणून आरोप, तेही कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट मुलखात. म्हातारी १४ महिने साखळीत होती. पोरानं स्वतः बचाव लिहिला, लोकांची दुखणी साध्या नैसर्गिक कारणांनी कशी होऊ शकतात ते एकेक करून दाखवलं, १६२१ ला ती सुटली. त्याच धामधुमीत त्याचा ग्रहांचा तिसरा नियम पण छापून झाला. आणि हाच माणूस पोटासाठी पत्रिका पण करायचा!
बाय द वे लोकांना पटवलं ते वादविवादानं कमी आणि कोष्टकांनी जास्त. केप्लरनं आधीच लिहून ठेवलं होतं की नोव्हेंबर १६३१ मध्ये बुध सूर्याच्या बिंबावरून जाईल. तो १६३० ला वारला, आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच गासांदीनं (वरचा दगडवाला) तो काळा ठिपका सरकताना बघितला. पंचांग बरोबर निघालं की माणूस आपोआप ऐकतो.

पारा_चढला:
मला यातला सगळ्यात भारी किस्सा आकाशातला नाहीच वाटत. इटलीतल्या तोरिचेली नावाच्या शास्त्रज्ञानं पाऱ्याची नळी उपडी केली, पारा थोडा उतरून थांबला, वर जागा रिकामी. आता वाद सुरू, पारा कशाने तोलला जातोय, बाहेरच्या हवेच्या वजनाने का? फ्रान्सचा गणिती पास्काल म्हणाला हवेचं वजन असेल तर डोंगरावर हवा कमी म्हणून पारा खाली यायला हवा. त्याची तब्येत नाजूक, म्हणून बहिणीच्या नवऱ्याला, पेरियेला, पत्र लिहून कामाला लावलं. (जावयाला कामाला लावायची आपल्यात कुणाची टाप!) १९ सप्टेंबर १६४८, पेरिये गावातली पाच प्रतिष्ठित माणसं बरोबर घेऊन प्युई द दोम डोंगरावर चढला, पारा खालच्यापेक्षा ३ इंचांहून जास्त उतरला. पण गंमत पुढे आहे, निघायच्या आधी त्यांनी तशीच दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि एका साधूला सांगितलं दिवसभर बघत बसा. का, तर उद्या कुणी म्हणेल हवामान बदललं म्हणून पारा उतरला. साधू म्हणाला तसूभर हलला नाही.
माझ्या मते पुढे सगळं बदललं ते ह्या सवयीमुळे. कोण बोलतोय ते सोडा, आम्हाला करून दाखवा. लंडनच्या रॉयल सोसायटीनं (१६६०) हेच ब्रीदवाक्य केलं, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. डेल्फ्टचा कापडवाला लेवेनहुक, लॅटिनचा गंध नाही, त्याने १६७६ ला डच भाषेत लिहून पाठवलं की पाण्यात लाखो सूक्ष्म जीव वळवळतायत. सोसायटीवाल्यांनी हाकलून नाही दिलं आणि मान पण नाही डोलावली, आपल्यातल्याच रॉबर्ट हुकला सांगितलं तू बघ. १६७७ ला त्याला स्वतःला दिसले तेव्हा मानलं.

पणजेचो_पाव:
अवांतर आहे पण राहवत नाही. हीच गोष्ट आमच्या गोव्यात १५६३ ला छापली गेलीय! गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य, इथल्या औषधी वनस्पतींवर त्याचं संवादाच्या रूपातलं पुस्तक गोव्याच्या छापखान्यातून निघालं. त्यात तो सांगतो की स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या विरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, इथे मात्र डोळ्यांनी बघितलेलं लिहितो. इथल्या वैद्यांना विचारून लिहिलंय बरंच. चारच वर्षांनी क्लुसिअस नावाच्या वनस्पतितज्ज्ञानं लॅटिनमध्ये आणलं आणि युरोपभर गेलं. पणजीची ती बाग त्याच्याच नावाची. आता वाईट भाग, तो ज्यू घराण्यातला, मेल्यावर १५८० ला इन्क्विझिशननं (चर्चचं धर्मन्यायालय) त्याची हाडं उकरून जाळली. तेव्हा स्पष्टच_बोलतो यांना माझं +१.

खिडकीतलीकुंडी:
बापरे, मी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही पंगतच वाढलीत. सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री वाचून दाखवलं. अंगठ्याचं करून बघितलं, दोन्ही डोळे आलटून पालटून मिटत तो अर्धा तास घरभर फिरत होता. बेसेलचं साल ऐकून म्हणाला, "म्हणजे गॅलिलिओ पण पुरता पुरावा हातात नसतानाच म्हणत होता?" याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा आता.
आणि त्या मठातल्या साधूचं त्याला फार वाईट वाटलं. म्हणे, बाकीचे ट्रेकला गेले आणि हा दिवसभर न हलणारा पारा बघत बसला.